थकलेला पगार, फॉर्म १०ई आणि हरभट रोडमागचे एक कार्यालय

जुन्या नोकरीचा थकलेला पगार घेऊन, म्हणजे त्याचे कागद घेऊन, मी गेल्या वर्षी सांगलीत दोन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी मला १९,५३० रुपये कर आणि त्यावरचे व्याज भरायला सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी त्याच कागदांवरून ४४,२५० रुपयांचा परतावा निघाला आणि तो सप्टेंबरमध्ये खात्यात जमाही झाला. हे परीक्षण दुसऱ्या ठिकाणाचे आहे. हरभट रोडच्या मागच्या बोळात पहिल्या मजल्यावर हे करसल्लागार कार्यालय आहे आणि ते चालवणाऱ्या मॅडम ओळखीतून आलेलीच कामे घेतात, त्यामुळे नाव आणि पत्ता येथे देत नाही. तरीही लिहितो आहे, कारण सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत पगार थकणे ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही आणि असे काम कसे झाले म्हणजे चांगले झाले म्हणावे, हे मला या कार्यालयात प्रथमच कळले.

प्रकरण थोडक्यात असे. या भागातील एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी कायम केमिस्ट होतो. ऑक्टोबर २०११ मध्ये लागलो आणि नोव्हेंबर २०२० अखेर राजीनामा देऊन बाहेर पडलो. शेवटचे बारा महिने, म्हणजे डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२० पर्यंत, पगार झालाच नव्हता. महिना २९,००० रुपयांप्रमाणे ही थकबाकी ३,४८,००० रुपयांची होती. ती आणि ग्रॅच्युइटीचे ९४,५०० रुपये असे मिळून ४,४२,५०० रुपये कारखान्याने जानेवारी २०२५ मध्ये एकाच दिवशी खात्यात टाकले. सोबत आलेल्या एका ओळीच्या पत्रात ‘थकीत देणी पूर्ण व अंतिम’ एवढेच लिहिलेले होते आणि संपूर्ण रकमेवर सरसकट १० टक्के, म्हणजे ४४,२५० रुपये, टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरला जाणारा कर) कापलेला होता. मी आता दुसऱ्या एका खासगी कंपनीत गुणवत्ता विभागात आहे आणि तेथील माझा २०२४-२५ चा वार्षिक पगार ७,०८,००० रुपये होता. या पगारावर नव्या करप्रणालीत कर शून्य येत असल्याने सध्याच्या कंपनीने काहीच कापलेले नव्हते. बँकेचे किरकोळ व्याज होते, ते हिशेब सोपा राहावा म्हणून पुढे धरलेले नाही.

पहिल्या ठिकाणाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुलैमध्ये ‘रिटर्न ५०० रुपयांत’ असे फलक लागतात, त्यांपैकी ते एक होते. तेथील मुलाने दोन्ही मालकांचे फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचे दाखले, शेजारी शेजारी ठेवले, दोन आकड्यांची बेरीज केली, प्रमाणित वजावटीचे, म्हणजे पगारदाराला मिळणाऱ्या सरसकट वजावटीचे, ७५,००० रुपये वजा केले आणि दहा मिनिटांत करपात्र उत्पन्न १०,७५,५०० रुपये काढून दिले. त्यावर उपकरासह ६३,७७८ रुपये कर झाला, त्यातून कापलेले ४४,२५० वजा जाऊन उरलेले भरा, असा त्याचा निकाल होता. बेरीज अगदी बरोबर होती. मी एवढेच विचारले, की हा पगार २०१९ आणि २०२० चा आहे, त्याचे काही वेगळे नसते का? त्यावर ‘पैसे यंदा आले ना, मग यंदाचेच’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर अर्धे खरे आहे आणि अर्धे खरे उत्तर तपासणे जास्त अवघड जाते, म्हणून मी ओटीपी न देता कागद उचलून बाहेर पडलो.

हरभट रोडच्या कार्यालयात मला कारखान्यातल्याच एका जुन्या सहकाऱ्याने पाठवले. जिना अरुंद आहे, वर दोन टेबले, लोखंडी कपाट आणि भिंतीवर पतसंस्थेची दिनदर्शिका आहे. मॅडम पन्नाशीच्या आतबाहेर असाव्यात. संगणकावर बसणारा एक मुलगा मदतीला असतो, मात्र कागद आधी त्या स्वतः पाहतात. मी कारखान्याचे पत्र पुढे केले. रक्कम न वाचताच त्यांनी विचारले, “हे कुठल्या कुठल्या महिन्यांचे आहे? तुमच्या टाइम ऑफिसकडून महिनावार तक्ता मिळाला आहे का?” तो नव्हता. “मग आधी तो आणा, फी नंतर सांगते,” एवढे बोलून त्यांनी मला परत पाठवले. पहिल्या भेटीत एवढेच झाले आणि त्या दिवशी मला ते आवडले नव्हते.

तक्ता मिळवायला मला नऊ दिवस आणि कारखान्याच्या दोन फेऱ्या लागल्या. टाइम ऑफिसमधल्या जुन्या लिपिकाने शेवटी संगणकावरून महिनावार थकबाकी, त्यातून कापलेला भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा स्वतंत्र हिशेब असे एक पान काढून त्यावर शिक्का मारून दिला. हे पान आल्यावर मॅडमनी एका कोऱ्या फुलस्केपवर पेन्सिलीने तीन रकाने आखले आणि एका रकान्यात २०१९-२०, दुसऱ्यात २०२०-२१ आणि तिसऱ्यात ग्रॅच्युइटी असे लिहिले. डिसेंबर ते मार्च हे चार महिने पहिल्या रकान्यात गेले, त्यांचे १,१६,००० झाले. एप्रिल ते नोव्हेंबर हे आठ महिने दुसऱ्यात गेले, त्यांचे २,३२,००० झाले. आकडे मांडताना त्यांनी एक चूकही वाचवली. मी बँकेत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम धरून बसलो होतो; त्यांनी सांगितले, की करासाठी कारखान्याने देय धरलेला पूर्ण पगार घ्यायचा, भविष्यनिर्वाह निधी आणि टीडीएस कापून हाती आलेला नव्हे. हातात आलेली रक्कम दाखवली तर कापलेला टीडीएस पुन्हा मागायचा कशाच्या आधारावर, असा त्यांचा साधा सवाल होता.

ग्रॅच्युइटीचा रकाना त्यांनी दोन मिनिटांत मिटवला. माझे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये होते. ग्रॅच्युइटी कायद्याच्या सूत्राप्रमाणे त्याला १५ ने गुणून २६ ने भागले की वर्षाला १०,५०० रुपये येतात. सेवा नऊ वर्षे दोन महिन्यांची, वरचे महिने सहापेक्षा कमी असल्याने ते सुटले आणि नऊ वर्षांचे ९४,५०० झाले. कारखान्याने नेमके तेवढेच दिले होते. ही रक्कम आयकर अधिनियमाच्या कलम १०(१०) खाली पूर्ण करमुक्त आहे आणि २० लाखांची मर्यादा आमच्यासारख्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. नवी करप्रणाली निवडली म्हणून ही सूट जात नाही, हेही त्यांनी वेगळे सांगितले, कारण नव्या प्रणालीत सगळ्याच सवलती गेल्या असा माझा समज होता. पहिल्या ठिकाणच्या मुलाने हे ९४,५०० रुपये सरळ पगारात मिळवलेले होते आणि त्याला तरी काय दोष द्यावा, कारखान्याच्या फॉर्म १६ मध्येच ते पगार म्हणून लागलेले होते.

आता मुख्य मुद्दा थकलेल्या पगाराचा. येथे मॅडमनी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत देतो. पगार ज्या वर्षी देय झाला किंवा ज्या वर्षी मिळाला, यांपैकी जे आधी घडले त्या वर्षी तो करपात्र होतो, असा कलम १५ चा सर्वसाधारण नियम आहे. त्याच कलमात असेही आहे, की थकबाकी मिळाली आणि तिच्यावर आधीच्या कोणत्याही वर्षी कर आकारलेला नसेल, तर ती मिळालेल्या वर्षाच्या उत्पन्नात धरायची. माझ्या बाबतीत त्या बारा महिन्यांचा पगार ना मी कधी दाखवला होता, ना कारखान्याने. तेव्हा ‘यंदाचेच’ हे पहिल्या मुलाचे म्हणणे इथपर्यंत खरे होते. जुन्या वर्षांची विवरणपत्रे आता उघडायची नाहीत, संपूर्ण थकबाकी २०२४-२५ च्याच उत्पन्नात दाखवायची. पण दोन-दोन वर्षांचा पगार एका वर्षात आल्याने करदात्याचा टप्पा वर सरकतो आणि ज्यात त्याचा काही अपराध नाही असा जास्तीचा कर त्याच्यावर पडतो, हे कायद्यालाही मान्य आहे. त्यासाठी कलम ८९ ची सवलत आहे, नियम २१अ मध्ये तिची रीत दिलेली आहे आणि ती मागण्यासाठी फॉर्म १०ई भरावा लागतो. नव्या करप्रणालीतही ती मिळते. कलमांचे हे क्रमांक १९६१ च्या अधिनियमातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षांसाठी आयकर अधिनियम, २०२५ लागू असल्याने तेथे क्रमांक वेगळे आहेत, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

हा हिशेब दिसायला किचकट आहे, पण मॅडमनी तो ज्या क्रमाने मांडला त्या क्रमाने मला तो बसल्या जागी कळला. आधी यंदाचे, म्हणजे पैसे मिळाले त्या २०२४-२५ चे, उत्पन्न थकबाकीशिवाय घ्यायचे. माझे ७,०८,००० मधून ७५,००० वजा जाऊन ६,३३,००० राहिले. २०२४-२५ साठी नव्या प्रणालीत पहिल्या तीन लाखांवर कर नव्हता, तीन ते सात लाखांवर पाच टक्के होता, म्हणून ३,३३,००० चे १६,६५० रुपये होतात. परंतु उत्पन्न सात लाखांच्या आत असल्याने कलम ८७अ च्या सवलतीत ते सगळे माफ होतात आणि कर शून्य राहतो. मग त्यातच थकबाकीचे ३,४८,००० मिळवायचे. उत्पन्न ९,८१,००० झाले. सात लाखांची रेषा ओलांडल्यामुळे ८७अ ची सवलत तर गेलीच, वर सात ते दहा लाखांचा दहा टक्क्यांचा टप्पाही लागला. चार लाखांचे २०,००० आणि उरलेल्या २,८१,००० चे २८,१०० मिळून ४८,१०० आणि चार टक्के उपकराचे १,९२४ धरून ५०,०२४ रुपये कर झाला. म्हणजे थकबाकीमुळे यंदा वाढलेला कर पूर्ण ५०,०२४.

यानंतर मागे जायचे. हा पगार त्या त्या वर्षी वेळेवर मिळाला असता तर त्या वर्षांचा कर किती वाढला असता, ते काढायचे. २०१९-२० मध्ये मला एप्रिल ते नोव्हेंबर असे आठ महिनेच पगार मिळाला होता. २,३२,००० मधून त्या वर्षीची ५०,००० ची प्रमाणित वजावट गेली, उरले १,८२,०००. त्यात चार महिन्यांचे १,१६,००० मिळवले तर २,९८,००० होतात. कर शून्य, कारण पाच लाखांपर्यंत त्या वर्षीही ८७अ ची पूर्ण सवलत होती. २०२०-२१ मध्ये जानेवारी ते मार्च अशा तीन महिन्यांचा नव्या नोकरीतला पगार ९६,००० होता. वजावटीनंतर ४६,००० राहिले, त्यात आठ महिन्यांचे २,३२,००० मिळवून २,७८,००० झाले. कर पुन्हा शून्य. दोन्ही वर्षांची वाढ शून्य असल्यामुळे ५०,०२४ मधून वजा करायला काहीच उरले नाही आणि सवलत पूर्ण ५०,०२४ ची बसली. पेन्सिलीने तो आकडा लिहून त्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या आणि कागद माझ्याकडे फिरवला. कारखान्याने पगार वेळच्या वेळी दिला असता तर ज्या पैशावर एक रुपयाही कर बसला नसता, त्याच पैशावर केवळ उशीर झाला म्हणून पन्नास हजारांचा कर बसत होता. त्या फुलस्केपवर ते इतके उघडे दिसले, की मी काही वेळ नुसता पाहत राहिलो.

पुराव्याची गोष्ट मात्र वेगळी निघाली. त्या काळात माझे उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असल्याने टीडीएस कापलेला नव्हता, त्यामुळे फॉर्म १६ नव्हता आणि खात्याच्या फॉर्म २६एएस मध्येही, म्हणजे कापलेल्या कराच्या खात्याकडील नोंदींमध्येही, त्या वर्षांचा पगार दिसत नव्हता. पगाराच्या स्लिपा होत्या, पण जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात पाणी आले तेव्हा कपाटाचा खालचा कप्पा भिजला आणि स्लिपांचा लगदा झाला. पासबुक वाचले होते. त्याच्या पानांच्या निम्म्यावर मातकट रेघ आहे आणि तिच्याखालच्या नोंदी फिक्या झाल्या आहेत. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०१९ चा पगार रेघेच्या वर, नोव्हेंबरचा रेघेच्या खाली. मॅडमनी ते पासबुक खिडकीशी नेऊन वाचले, मग त्या काळाचा खातेउतारा बँकेतून शिक्क्यासह आणायला लावला आणि तो टाइम ऑफिसच्या तक्त्याशी महिन्यागणिक ताडून पाहिला. फॉर्म १०ई सोबत यांतला कोणताही कागद जोडावा लागत नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “उद्या नोटीस आली तर उत्तर तुम्हाला द्यायचे आहे, फॉर्मला नाही.” हे सगळे कागद त्यांनी एका जाड पाकिटात घालून वर आर्थिक वर्ष लिहून माझ्याच हवाली केले.

प्रत्यक्ष भरण्याचे काम अर्ध्या तासाचे होते. आयकर खात्याच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर प्राप्तिकर फॉर्मच्या यादीत १०ई असतो. तेथे करनिर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या लगेच पुढचे, कर ठरवण्याचे वर्ष) निवडताना लोक हमखास गोंधळतात, असे त्यांच्या मदतनिसाने सांगितले: थकबाकी २०१९-२० ची म्हणून ते त्या काळाचे वर्ष निवडतात, वास्तविक पैसे ज्या वर्षी मिळाले त्याचे, म्हणजे माझ्यासाठी २०२५-२६ हे करनिर्धारण वर्ष निवडायचे असते. थकीत पगारासाठी परिशिष्ट १ असते, त्यातल्या तक्त्यात जुन्या प्रत्येक वर्षाचे उत्पन्न, त्या वर्षाची थकबाकी आणि ती न धरता व धरून येणारा कर लिहायचा. आधार ओटीपीने तो फॉर्म सादर होऊन पोच आल्याखेरीज मॅडमनी विवरणपत्राला हात लावू दिला नाही. १०ई आधी न भरता विवरणपत्रात कलम ८९ ची सवलत मागितली, तर विवरणपत्र तपासून खाते पाठवते त्या कलम १४३(१) च्या सूचनेत ती नाकारली जाते आणि मग दुरुस्तीचे अर्ज करत बसावे लागते. त्यांच्या कपाटातल्या एका फाईलच्या पाठीवर नुसते ‘१०ई राहिले’ असे लिहिलेले मी पाहिले. ती कोणाची आहे हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

विवरणपत्रातला एक बारकावा येथे मुद्दाम नोंदवतो, कारण हिशेब बरोबर करूनही माणूस येथे अडकू शकतो. ग्रॅच्युइटी करमुक्त आहे म्हणून मी ती पगाराच्या आकड्यातून आधीच गाळायला सांगत होतो. मॅडमनी तसे केले नाही. दोन्ही मालकांकडची एकूण रक्कम, ७,०८,००० आणि ४,४२,५०० मिळून ११,५०,५००, त्यांनी जशीच्या तशी दाखवली, म्हणजे ती २६एएस आणि वार्षिक माहिती विवरणाशी जुळली. मग कलम १०(१०) च्या रकान्यात ९४,५०० वजा दाखवले, त्यानंतर प्रमाणित वजावट, आणि शेवटी कराच्या खाली कलम ८९ चे ५०,०२४. कर शून्य, कापलेला टीडीएस ४४,२५०, परतावा ४४,२५०. प्रमाणित वजावट दोन नोकऱ्यांसाठी दोनदा मिळत नाही, हेही मला तेथेच समजले.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला उशिरा कळली याची अजून चुटपुट आहे. कलम १९२ च्या पोटकलम २अ प्रमाणे सरकारी नोकर, कंपनी, सहकारी संस्था अशा ठिकाणचा कर्मचारी फॉर्म १०ई मधली माहिती पैसे देणाऱ्या मालकालाच देऊ शकतो आणि मालकाला टीडीएस कापतानाच ही सवलत विचारात घेता येते. आमचा कारखाना सहकारी असल्याने, जानेवारीत पैसे सुटण्यापूर्वी मी टाइम ऑफिसला हा हिशेब दिला असता तर कदाचित ४४,२५० रुपये कापलेच गेले नसते. ज्यांची थकबाकी अजून यायची आहे त्यांनी एवढे आधी करून पाहावे. त्याच कारखान्यातील आमचे दोघे-तिघे अजून वाट पाहत आहेत, त्यांना मी हे सांगितले आहे.

आता या कार्यालयाच्या उण्या बाजू. फोन क्वचित उचलला जातो. संध्याकाळी साडेपाचनंतर प्रत्यक्ष गेलो तरच भेट होते आणि जुलै-ऑगस्टमध्ये जिन्याच्या पायऱ्यांवर तास-दीड तास बसावे लागते. गुडघे दुखणाऱ्या निवृत्त माणसाला तो जिना चढणे कठीण आहे आणि थकबाकीची प्रकरणे बहुतेक निवृत्तांचीच असतात, हे ध्यानात घेता खाली एखादी खुर्ची तरी ठेवायला हवी. मोबाइलवर पाठवलेली कागदांची छायाचित्रे त्या स्वीकारत नाहीत, मूळ कागद किंवा स्वच्छ झेरॉक्सच मागतात; कूपवाडहून पाळी संपवून येणाऱ्या मला त्यासाठी एक जास्तीची फेरी पडली. फी आधी सांगत नाहीत, हे मला सर्वांत खटकले. काम संपल्यावर १,८०० रुपये सांगितले. झालेल्या कामाच्या मानाने ते जास्त नाहीत, पण अंदाज आधी दिला असता तर बरे झाले असते. पावती मागितल्यावरच मिळाली.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. मला येथे पाठवणारा सहकारी स्वतःची थकबाकी घेऊन आधी गेला होता. तो निवृत्त आहे, यंदाचे त्याचे बाकीचे उत्पन्न चार लाखांच्या आसपास आणि थकबाकी दोन लाखांची. मॅडमनी दोन्हींची बेरीज केली, सात लाखांच्या आत आहे म्हणजे नव्या प्रणालीत कर शून्यच आहे, तुम्हाला १०ई ची गरज नाही, असे सांगून त्यांनी फक्त साध्या विवरणपत्राचे ६०० रुपये घेतले. ज्याला थकबाकीच्या वर्षी जास्त पगार होता आणि आता कमी उत्पन्न आहे, त्याचा हिशेब उलटा येतो आणि सवलत निघतच नाही, हेही त्यांनी त्याला समजावून दिले. १०ई भरल्याचे पैसे घेणे त्यांना सहज शक्य होते, कारण ते कशासाठी होते हे आमच्यापैकी कोणालाही कळले नसते.

विवरणपत्र ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भरले. त्या वर्षी मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली होती आणि शेवटी आणखी एक दिवस वाढली, पण मॅडमनी त्या मुदतीवर रेंगाळू दिले नाही. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सूचनापत्र आले, त्यात कलम ८९ ची सवलत पूर्ण मान्य झालेली होती, आणि दोन दिवसांनी खात्यात ४५,५७६ रुपये जमा झाले. वरचे १,३२६ रुपये कलम २४४अ चे व्याज होते: एप्रिल ते सप्टेंबर असे सहा महिने, महिना अर्धा टक्का, तेही ४४,२०० वर, कारण शंभराखालची रक्कम व्याजासाठी सोडून देतात. मी पेढे घेऊन कार्यालयात गेलो, तर पेढा हातात घेण्याआधी त्यांनी ते सूचनापत्र वाचले आणि १,३२६ या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला. परताव्याची मूळ रक्कम उत्पन्न नसते, पण हे व्याज असते आणि पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात ते इतर उत्पन्नात दाखवायचे आहे. ते पत्र त्या जाड पाकिटातच ठेवले आहे आणि पाकिटावर त्यांनी लिहिलेल्या वर्षाखाली मी पुढचे वर्षही लिहून ठेवले आहे.

पाचपैकी चार गुण. एक गुण जिन्याचा आणि न सांगितलेल्या फीचा कापला आहे.